फुकट मिळणारा कंपनीचा लोड बॅलन्सर की ओपन सोर्स? दूध संकलनाच्या सर्व्हरसाठी सल्ला हवा

फॅट_एसएनएफ

नमस्कार मंडळी. आम्ही शाहूपुरीत बसून गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. संस्थेत काटा आणि फॅट मशीन पीसीला जोडलेलं असतं. उत्पादकानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर अशी एक नोंद आमच्या सर्व्हरवर येते. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड धरून चारशेच्या आसपास संस्था आहेत. सगळं काम दोन पाळ्यांत, सकाळी सहा ते आठ-साडेआठ आणि संध्याकाळी तेवढंच. मधल्या वेळेत सर्व्हरला काही उद्योग नसतो. पण पाळी चालू असताना तो दोन मिनिटं जरी बंद पडला तरी सचिवांचे फोन सुरू होतात, कारण दारात लोक किटल्या घेऊन उभे असतात.

आतापर्यंत ॲप्लिकेशन सर्व्हर एकच होता. आता मालकांनी दुसरी मशीन घेऊन दिली आहे, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. पुढं लोड बॅलन्सर लावायचा आहे. मालकांना केम्पचा फ्री लोडमास्टर पसंत आहे. वेब पॅनेल आहे, बटणं आहेत, पैसे नाहीत. माझा कल एचएप्रॉक्सी या ओपन सोर्स लोड बॅलन्सरकडे. मालक विचारतात, "ते काळ्या स्क्रीनवरचं, तू सुट्टीला गेलास की कोण बघणार?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. टीममध्ये लिनक्स येणारा मी एकटाच.

ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा. दिवाळीच्या फरक बिलाआधी (उत्पादकांना मिळणाऱ्या दरफरकाचं बिल) हे उभं राहायला पाहिजे.

रंकाळा_चौपाटी

एचएप्रॉक्सी. विषय हार्ड.

गूळ_मार्केट

धागा उघडला तर सगळं डोक्यावरनं गेलं. लोड बॅलन्सर म्हणजे नेमकं काय करतो हे कुणी एका वाक्यात सांगेल काय?

फॅट_एसएनएफ

@गूळ_मार्केट, संस्थेत दोन काटे असले आणि दारात एक माणूस "तुम्ही इकडं, तुम्ही तिकडं" करत उभा राहिला, तर तो माणूस म्हणजे लोड बॅलन्सर. एक काटा बिघडला की सगळ्यांना दुसऱ्याकडे पाठवायचं कामही त्याचंच.

उद्यमनगर_रॅक

विषय हार्ड म्हणून भागत नाही भावा. आधी आकडे मांडूया, मग भांडूया.

फ्री लोडमास्टरला दोन मर्यादा ठळक आहेत. थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, २० एमबीपीएस आणि सेकंदाला ५० नवे एसएसएल व्यवहार (टीपीएस), म्हणजे नव्या सुरक्षित जोडण्या. नेटस्केलरच्या फुकट व्हीपीएक्स एक्सप्रेसचंही थ्रूपुट २० एमबीपीएसच धरलेलं आहे. लोक हा आकडा बघून नाक मुरडतात, पण तुझ्या कामाला लावून बघ.

चारशे संस्था, संस्थेमागं सरासरी सव्वाशे उत्पादक धरले तर पाळीला ५०,००० नोंदी. दोन तासांत वाटल्या तर सेकंदाला सात. गर्दीच्या अर्ध्या तासात तिप्पट धर, वीस-एकवीस. एका नोंदीचं जाणं-येणं हँडशेकसकट (सुरक्षित जोडणी जुळवायची देवाणघेवाण) १० केबी धरलं तरी दोन एमबीपीएसच्या खाली. म्हणजे रोजच्या संकलनाला २० एमबीपीएस उरून पुरतं. ५० टीपीएसची अडचण एकाच वेळी येईल. सर्व्हर पडून परत उठला आणि चारशे पीसी एकदम जोडायला धावले की. तेव्हाही आठ सेकंदांत सगळे आत येतात. पण तुझ्या क्लायंटचा टाइमआउट पाच सेकंदांचा असेल तर मागचे कंटाळून पुन्हा दार ठोठावणार आणि रांग वाढतच जाणार. टाइमआउट किती आहे ते बघ, आणि पुन्हा जोडताना प्रत्येक पीसीनं थोडा वेगवेगळा वेळ थांबावं एवढं कोडमध्ये घाल. लोड बॅलन्सर कुठलाही घेतलास तरी हे लागणारच.

आता फरक बिल. एसएमएस गेला की उत्पादक ॲप उघडून पीडीएफ बघणार. पहिल्या पाच मिनिटांत ३,००० लोक, पीडीएफ २०० केबीची, तर १६ एमबीपीएस. २० च्या काठावर. आणि ॲपचं पहिलं पान जावास्क्रिप्ट आणि चित्रांसकट दीड एमबीचं असेल तर तेवढ्याच लोकांना १२० एमबीपीएस लागतील. तिथं फ्री लोडमास्टर पुरणार नाही.

पण थांब. तुमची इंटरनेटची लाइन किती एमबीपीएसची आहे?

फॅट_एसएनएफ

५० ची लीज्ड लाइन. 🙂

उद्यमनगर_रॅक

मग झालं की. एचएप्रॉक्सी लावलास तरी १२० कुठनं आणणार? आधी ॲपच्या स्थिर फाइल सीडीएनवर (फाइल वाटणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) टाक. ते केलंस की २० एमबीपीएसचा मुद्दा जवळजवळ संपतो. लोक हाच मुद्दा घेऊन तासभर बोलतात म्हणून आधी बाजूला काढला.

कळंबा_लॅब

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना नेटवर्किंग शिकवते, त्यामुळं दोन्ही प्रकार प्रयोगशाळेत लावलेले आहेत. इथं सगळे एचएप्रॉक्सीच्या बाजूनं बोलणार हे दिसतंय, म्हणून मालकांची बाजू मी मांडते.

लोडमास्टर उभा करायला अर्धा तास पुरतो. व्हर्च्युअल सर्व्हिस तयार करा, मागचे दोन सर्व्हर घाला, हेल्थ चेकचा (सर्व्हर जिवंत आहे का ते तपासायचा) पत्ता द्या, सर्टिफिकेट चढवा. कंटेंट स्विचिंग, कुकीवर चिकटणारी सेशन (तोच माणूस दरवेळी त्याच सर्व्हरकडे), आकडेवारीचे आलेख, सगळं पॅनेलमध्येच. ज्या मुलानं आयुष्यात कॉन्फिग फाइल उघडलेली नाही त्यालासुद्धा कुठला सर्व्हर लाल झालाय हे कळतं. सकाळी सहाला तुमच्या ऑफिसात कोण असतो, सपोर्टचा मुलगाच ना? "काळ्या स्क्रीनवरचं कोण बघणार" हा मालकांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ओपन सोर्सवाले याची टिंगल करतात आणि मग स्वतः गोव्याला गेले की फोन बंद ठेवतात.

रंकाळा_चौपाटी

ताई, नाव घेऊन बोला की 😄

टाऊनहॉल_नेटवर्क

ताईंचा मुद्दा मान्य. पण फुकटच्या आवृत्तीत काय मिळत नाही तेही मांडलं पाहिजे.

पहिलं म्हणजे एचए जोडी. फ्री लोडमास्टरची दोन यंत्रं एकमेकांवर नजर ठेवून एकानं दुसऱ्याची जागा घ्यावी, ही सोय विकत घेणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे दोन ॲप्लिकेशन सर्व्हर घेऊन त्यांच्या पुढं एकटा लोड बॅलन्सर बसवणार. आधी एका मशीनवर सगळं अवलंबून होतं, आता दुसऱ्या एका मशीनवर.

दुसरं, परवाना टिकवायला त्याला बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागतं. इंटरनेट असलेल्या ठिकाणी त्रास नाही. पण आपल्या यंत्राच्या चालू राहण्याचा एक धागा दुसऱ्याच्या हातात आहे हे लक्षात असू द्या.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०२४ मध्ये लोडमास्टरमध्ये सुरक्षेची दोन मोठी भोकं सापडली. त्यांचे नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२४-१२१२ आणि सप्टेंबरात सीव्हीई-२०२४-७५९१. दोन्हींना १० पैकी १० गुण, दोन्हींत लॉगिन न करता बाहेरच्या माणसाला आत कमांड चालवता येत होती, आणि वाट होती ती मॅनेजमेंट पॅनेलचीच. पहिल्याचा प्रत्यक्ष वापर होतोय म्हणून अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते आपल्या यादीत घातलं. दुसऱ्याचा पॅच आला तेव्हा तो फुकटच्या आवृत्तीसाठी नव्हता. विकत घेणाऱ्यांना पॅच आणि फुकटवाल्यांना "पॅनेल बाहेर उघडं ठेवू नका" एवढाच सल्ला.

एचएप्रॉक्सी धुतल्या तांदळाची आहे असं नाही. २०२१ मध्ये तिच्यातही रिक्वेस्ट स्मगलिंगचं (एका रिक्वेस्टमध्ये दुसरी लपवून आत घालायचं) मोठं भोक निघालं होतं, सीव्हीई-२०२१-४०३४६. फरक एवढाच की दुरुस्ती आली ती सगळ्यांना एकदम आली. पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी आणि न भरणाऱ्यांची वेगळी, असं झालं नाही.

पुण्यातला_कोल्हापूरकर

परवान्यावरनं आठवलं. प्रॉक्समॉक्सवर कशामुळं आलात? व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय फुकट मिळायचं बंद झालं म्हणूनच ना?

फॅट_एसएनएफ

हो. फेब्रुवारी २०२४.

पुण्यातला_कोल्हापूरकर

तेच. ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतलं आणि तीनेक महिन्यांत फुकटची आवृत्ती बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये परत आणली, तोवर निम्म्या महाराष्ट्रानं घर बदललं होतं. केम्पसुद्धा २०२१ पासून प्रोग्रेसकडे आहे. उद्या ते असंच करतील असं मी म्हणत नाही. पण फुकट देणं हा कंपनीच्या विक्री खात्याचा निर्णय असतो, आणि विक्री खातं बदललं की निर्णय बदलतो.

ओपन सोर्सवाल्यांनी मात्र लगेच छाती पुढं काढू नये. सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळणार म्हणून लोकांनी सर्व्हर लावले आणि ते ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झालं. कुबरनेटीस क्लस्टरच्या दारात बसणारा इनग्रेस-एनजिनएक्स जगभर वापरात होता, तो सांभाळायला माणसंच उरली नाहीत म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्तीची घोषणा झाली, देखभाल मार्च २०२६ पर्यंत. मूळ एनजिनएक्स (वेब सर्व्हर, लोड बॅलन्सरचंही काम करतो) २०१९ मध्ये एफ५ नं ६७ कोटी डॉलरला घेतलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या मुख्य डेव्हलपरांपैकी एकानं वेगळं होऊन फ्रीएनजिनएक्स काढलं. तेव्हा ओपन सोर्स म्हणजे अमरपट्टा नाही. फक्त सोडून जायची वेळ आली तर तुमची कॉन्फिग फाइल तुमच्याकडे असते आणि ती वाचता येते, एवढं नक्की.

बाकी मी स्वतः एनजिनएक्सवाला. तुमच्याकडे ते आधीपासून असेल तर नवीन काही कशाला?

उद्यमनगर_रॅक

एनजिनएक्सला या कामात एक उणीव आहे. फुकटच्या आवृत्तीत हेल्थ चेक निष्क्रिय प्रकारचा. म्हणजे खरी नोंद पाठवून बघायची, ती फसली की समजायचं सर्व्हर आजारी आहे. मॅक्स-फेल्स एक आणि फेल-टाइमआउट दहा सेकंद, हे मूळ आकडे. दर दहा सेकंदांनी कुणीतरी उत्पादक बळी. स्वतःहून विचारपूस करणारा सक्रिय हेल्थ चेक एनजिनएक्स प्लसमध्ये, विकत. एचएप्रॉक्सीत तो पहिल्यापासून फुकट. सर्व्हरच्या ओळीत चेक लिहिलं की वेगळे आकडे न सांगता दर दोन सेकंदांनी विचारते, तीनदा फसलं की बाजूला, दोनदा जमलं की परत आत. म्हणजे सहा सेकंदांत निकाल.

आणि आयपी-हॅश (आयपी पत्त्यावरनं सर्व्हर ठरवणं) लावायचा विचार असेल तर तो सोडा. मोबाइल कंपन्या एका आयपीमागं शेकडो गिऱ्हाइकं बसवतात. त्यात एनजिनएक्सचा आयपी-हॅश आयपीव्ही४ चे पहिले तीनच भाग बघतो. अख्खा राधानगरी तालुका एकाच सर्व्हरवर जाऊन बसायचा.

पुण्यातला_कोल्हापूरकर

हे मान्य. वेब साइट असती तर भांडलो असतो.

फॅट_एसएनएफ

आमचं एपीआय टोकनवर चालतं, त्यामुळं संकलनाला चिकट सेशन लागत नाही. सचिव ब्राउझरवरनं लॉगिन करतात तेवढ्याला लागेल. ते सेशन सर्व्हरच्या मेमरीत आहे.

दुसरा प्रश्न. एक सर्व्हर नोंद घेता घेता पडला तर एचएप्रॉक्सी ती नोंद दुसऱ्याला पाठवेल का?

उद्यमनगर_रॅक

सेशनसाठी एचएप्रॉक्सीलाच कुकी घालायला सांग. दोन एचएप्रॉक्सी असल्या तरी कुकी ब्राउझरकडे असते, त्यामुळं दोघींनी आपसांत काही कळवायची गरज नाही.

दुसरा प्रश्न मात्र सगळ्या धाग्यातला खरा प्रश्न आहे. इथं जरा थांबतो.

सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, तर नोंद अजून कुणी घेतलेली नाही हे नक्की. तेव्हा दुसरीकडे पाठवायला हरकत नाही, आणि एचएप्रॉक्सी आपणहून फक्त अशाच वेळी पुन्हा प्रयत्न करते. त्यात ऑप्शन रीडिस्पॅच लावलं की शेवटच्या प्रयत्नाला दुसरा सर्व्हर धरते. पण नोंद गेली, सर्व्हरनं डेटाबेसमध्ये लिहिली आणि उत्तर द्यायच्या आत तो पडला, तर? बाहेरून बघणाऱ्याला ती नोंद झाली की नाही हे कळायला मार्ग नाही. इथं काही लोक रिट्राय-ऑन मध्ये (कुठल्या चुकीला पुन्हा पाठवायचं त्या यादीत) सगळ्या चुका घालून मोकळे होतात. मग तीच नोंद दुसऱ्या सर्व्हरकडून पुन्हा लिहिली जाते. उत्पादकाचं सहा लिटर दूध बारा लिटर होतं. तो तक्रार करायला येणार नाही हे उघड आहे. 😄 येणार ते लेखापरीक्षक.

एनजिनएक्ससुद्धा हे ओळखून आहे. १.९.१३ पासून पोस्ट रिक्वेस्ट (नोंद लिहायला पाठवणारी) एकदा पाठवून झाली की आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवत नाही, तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच.

म्हणून लोड बॅलन्सरवर ही जबाबदारी टाकूच नये. प्रत्येक नोंदीला क्लायंटनंच एक ओळख क्रमांक द्यावा आणि डेटाबेसनं तो दुसऱ्यांदा आला तर नवी ओळ न घालता जुनंच उत्तर द्यावं.

फॅट_एसएनएफ

संस्था, तारीख, पाळी आणि उत्पादक क्रमांक मिळून युनिक की केली तर?

भुदरगड_सचिव

अहो तसं करू नका साहेब. मी संस्थेत सचिव आहे, वाचतोय मघापासून, निम्मं कळतंय. एकच माणूस एका पाळीला गाईचं घालतो आणि म्हशीचं पण घालतो. काहीजण आधी एक किटली घालतात आणि अर्ध्या तासानं पोराकडनं दुसरी पाठवतात. दोन्ही म्हशीच्याच. तुमच्या हिशोबानं दुसरी किटली फुकट गेली.

उद्यमनगर_रॅक

बघा, याला म्हणतात अनुभव. सचिवसाहेब, नमस्कार.

@फॅट_एसएनएफ, काट्याजवळच्या पीसीनं नोंद सेव्ह होताक्षणी एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक ओळख क्रमांक) तयार करायचा आणि ती नोंद कितीदाही पाठवली तरी तोच वापरायचा. सर्व्हरनं त्यावर युनिक की ठेवायची. मग लोड बॅलन्सर केम्पचा असू दे नाहीतर कुणाचाही, दुप्पट नोंद होणार नाही.

फॅट_एसएनएफ

सचिव साहेब, आभार. ही चूक दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात आली नसती.

कळंबा_लॅब

एक मधला रस्ता सुचवते, कुणीच बोललं नाही म्हणून. ओपीएनसेन्स. फ्रीबीएसडीवरची फायरवॉल आहे, बीएसडी परवाना, फुकट. तिच्यात एचएप्रॉक्सीचं प्लगइन टाकता येतं आणि सगळं वेब पॅनेलमधनं चालतं. लेट्स एन्क्रिप्टच्या फुकट सर्टिफिकेटचं प्लगइन वेगळं मिळतं. दोन यंत्रं असली तर कार्पनं आयपी इकडून तिकडे जातो. आतली यंत्रणा एचएप्रॉक्सीची, वर मालकांना हवी तशी बटणं. पीएफसेन्समध्येही एचएप्रॉक्सीचं पॅकेज आहे.

सर्टिफिकेटचं आत्ताच बघून ठेवा. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची मुदत २०० दिवसांच्या वर नाही, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. वर्षातनं एकदा हातानं सर्टिफिकेट चढवायचे दिवस गेले. आपोआप नूतनीकरण ज्यात सहज बसतं तेच घ्या.

टाऊनहॉल_नेटवर्क

ओपीएनसेन्स चांगलं आहे, पण त्यातल्या एचएप्रॉक्सीच्या पॅनेलमध्ये रिअल सर्व्हर, बॅकएंड पूल, कंडिशन, रूल, पब्लिक सर्व्हिस अशी एवढी पानं आहेत की कॉन्फिग फाइल सोपी वाटायला लागते. माझं मत सांगतो. मालकांना सपोर्टच्या मुलासाठी नेमकं काय हवंय? कुठला सर्व्हर पडलाय ते दिसावं, आणि एखाद्याला बाजूला काढता यावं. एवढंच ना? मग एचएप्रॉक्सीचं स्वतःचं स्टॅट्स पान पुरतं. त्यात स्टॅट्स ॲडमिन चालू केलं की ब्राउझरमधनंच सर्व्हर ड्रेनवर किंवा मेंटेनन्सवर टाकता येतो. ड्रेनवर टाकला की चालू कामं पुरी होतात आणि कुकीनं आधीच चिकटलेले सोडले तर नवीन येत नाहीत. पासवर्ड लावा, ऑफिसच्या आतूनच उघडेल असं ठेवा. एक बारकी गोष्ट, पानावरनं केलेला बदल रीलोडनंतर विसरला जातो, स्टेट फाइल ठेवलेली नसेल तर.

लॉगचंही बघा. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे. एचएप्रॉक्सीचे लॉग सिसलॉगला वेगळ्या मशीनवर पाठवा.

फॅट_एसएनएफ

स्टॅट्स पान मालकांना दाखवलं. "हे चालतंय की" म्हणाले. 🙂 हिरवं-लाल दिसल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला.

आता एचए. दोन एचएप्रॉक्सी, दोन प्रॉक्समॉक्स मशीनवर एकेक, आणि कीपअलाइव्हडीनं एक फिरता आयपी. बरोबर?

उद्यमनगर_रॅक

बरोबर. व्हीआरआरपी (कीपअलाइव्हडी आयपी फिरवायला वापरतं तो प्रोटोकॉल) मल्टिकास्टवर चालतं, २२४.०.०.१८. तुमचा स्विच आणि प्रॉक्समॉक्सचा ब्रिज ते सोडत नसतील तर दोघेही स्वतःला मालक समजायला लागतील. सरळ युनिकास्ट पिअर लिहा. एचएप्रॉक्सी मेली पण व्हीएम जिवंत आहे, अशा वेळी आयपी तिथंच अडकून पडतो, म्हणून ट्रॅक स्क्रिप्ट लावायलाच पाहिजे.

प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर करणार असाल तर दोनच मशीन असताना एक गेली की कोरम (बहुमत) जातो. तिसरं मत द्यायला एखादी लहान मशीन क्यूडिव्हाइस म्हणून ठेवा. नाहीतर क्लस्टर करूच नका, या कामाला लागत नाही.

हेल्थ चेकच्या पत्त्यावर डेटाबेसची मोठी क्वेरी ठेवू नका. डेटाबेस जरा मंदावला की दोन्ही सर्व्हर एकदम लाल होतील आणि सगळ्या संस्थांना ५०३ (सेवा बंद) दिसेल. डेटाबेस एकच आहे ना? ते वेगळं दुखणं, त्याचा वेगळा धागा काढा.

पंचगंगा_घाट

सगळं वाचलं. एक विचारू? दोन्ही मशीन शाहूपुरीतच ना? एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर?

फॅट_एसएनएफ

हो, पण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. पाणी तिथवर येत नाही.

पंचगंगा_घाट

पाणी येत नाही, पण वीज जाते. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा शाहूपुरीत पाणी होतं, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर होतं. तुमचा जनरेटर कुठं आहे?

फॅट_एसएनएफ

...पार्किंगमध्ये.

रंकाळा_चौपाटी

नाद खुळा.

पंचगंगा_घाट

हसू नका, निम्म्या शाहूपुरीचा तिथंच असेल. माझं म्हणणं एवढंच, की लोड बॅलन्सर कुठला यावर इतकी चर्चा झाली, पण दोन्ही नोड एका छताखाली असले तर ऑगस्टमध्ये दोन्ही एकदम जाणार. आणि पूर आला म्हणून म्हैस दूध द्यायची थांबत नाही. भुदरगडात संकलन चालूच असतं.

एक सर्व्हर आणि एक एचएप्रॉक्सी मुंबईच्या किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घ्या, डेटाबेसची प्रत तिकडं चालू ठेवा. फिरता आयपी दोन शहरांत फिरणार नाही, तिथं डीएनएसच बदलावं लागेल. टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आधीपासून कमी ठेवा. आणि पीसीवर नोंद आधी स्थानिक साठवून नंतर पाठवायची सोय असली तर तास-दोन तासांचा खंड संस्थेला कळणारही नाही.

फॅट_एसएनएफ

स्थानिक साठवण आहे, पण जुन्या व्हर्जनला नाही. यूयूआयडीबरोबर तेही सगळीकडे नेतो.

मालकांशी बोललो. ठरलं ते असं. एचएप्रॉक्सी, एलटीएस (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती, दोन व्हीएमवर कीपअलाइव्हडीसकट. कॉन्फिग गिटमध्ये, आणि ती बदलायची पद्धत छापून सपोर्टच्या मुलाच्या टेबलावर. आधी तपासणीचा पर्याय चालवायचा, मग रीलोड. तिसरा नोड पावसाळ्याआधी पुण्यात. जनरेटर वर न्यायचं मालक म्हणाले "बघू", म्हणजे तुम्हाला कळलं असेल. लोडमास्टर मी चाचणीच्या मशीनवर ठेवणार आहे. ताई म्हणाल्या तसं नव्या मुलाला लोड बॅलन्सिंग शिकवायला पॅनेल बरं पडतं.

एक अडकलंय. चाचणीत बहुतेक पीसी जोडले गेले, पण कागलकडच्या एका संस्थेतला विंडोज ७ चा पीसी हँडशेकलाच तुटतो. जुन्या सर्व्हरवर तोच पीसी चालायचा.

टाऊनहॉल_नेटवर्क

एचएप्रॉक्सी २.२ पासून टीएलएस (एसएसएलचं पुढचं रूप) १.२ च्या खालचं घेत नाही, मुद्दाम सांगितल्याशिवाय. तुमचा क्लायंट कशात लिहिलाय?

फॅट_एसएनएफ

डॉट नेट ४.५.

टाऊनहॉल_नेटवर्क

मग तेच. ४.५ काही न सांगितल्यास टीएलएस १.० नं बोलतं. सिक्युरिटी प्रोटोकॉल टीएलएस १.२ आहे असं कोडमध्ये एका ओळीत सांगा. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ पाहिजे. विनएचटीटीपी वापरत असाल तर केबी३१४०२४५ अपडेट आणि त्याची रजिस्ट्री नोंदही लागेल. सर्व्हरच्या बाजूनं १.० उघडून देऊ नका. ओपनएसएसएल ३ वर ते चालवायला सुरक्षेची पातळी शून्यावर आणावी लागते, आणि चारशे संस्थांतल्या एका पीसीसाठी ते करायचं कारण नाही.

फॅट_एसएनएफ

बाकीचे विंडोज ७ वाले कसे चालले मग? बघितलं, त्यांच्यावर आमचं नवं व्हर्जन होतं, ४.६ वर बांधलेलं. कागलचा तेवढा मागं राहिला होता. संध्याकाळच्या पाळीआधी बदलून टाकतो.

भुदरगड_सचिव

आमच्याकडं पण जुनंच व्हर्जन आहे साहेब. येताना आमचं पण करून जावा.